दर्यातली माची आणि तिच्यावरचे पाहुणे

मेलबर्नला मुलाकडे किंवा मुलीकडे दोन-तीन महिने राहून आलेले आई-वडील आता आपल्याकडे घरोघरी भेटतात. त्यांच्या फोटोंच्या आल्बममध्ये कांगारू असतो, पेंग्विन असतात, आणि एखाद्या फोटोत भर समुद्रात खांबांवर उभी असलेली एक अष्टकोनी माची दिसते. त्या माचीवर तपकिरी, गलेलठ्ठ प्राणी दाटीवाटीनं अंग टाकून पडलेले असतात. ‘हे सील. मस्त झोपले होते,’ एवढं सांगून पान उलटलं जातं. आज त्याच पानावर थोडं थांबायचं आहे. कारण या झोपेमागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या कलकत्त्याच्या बंदरात होते.

आधी जागा समजून घेऊ. मेलबर्न शहर पोर्ट फिलिप नावाच्या मोठ्या उपसागराच्या उत्तर टोकाला वसलेलं आहे. या उपसागराचा विस्तार सुमारे 1900 चौरस किलोमीटर, पण त्याचं समुद्राकडचं तोंड जेमतेम तीन किलोमीटरचं. त्या तोंडातून भरती-ओहोटीचं पाणी इतक्या जोरानं आत-बाहेर करतं की जुन्या खलाशांना तिथं घाम फुटायचा. तोंडातून सुखरूप आत आलं तरी पुढं वाळूचे विस्तीर्ण उथळ दांडे पसरलेले. त्यांच्यामधून खोल पाण्याच्या मोजक्याच वाटा आहेत आणि त्यांतली मोठ्या जहाजांची मुख्य वाट म्हणजे साउथ चॅनेल. रस्त्याच्या कडेला दगड रोवावेत तशा या वाटेच्या कडेला खुणा उभ्या केलेल्या असतात. आपली माची ही त्यांतलीच एक खूण. तिच्या आकारावरून तिला ‘चायनामन्स हॅट’, म्हणजे चिनी माणसाची टोपी, असं नाव पडलं. हे नाव जुन्या काळच्या बोलीतलं आहे, आज ते कानाला जरा खटकतं, पण नकाशावर तेच राहिलं आहे.

आता कलकत्त्याकडे वळू. 1796 च्या नोव्हेंबरमध्ये ‘सिडनी कोव्ह’ नावाचं जहाज मद्य आणि इतर माल भरून कलकत्त्याहून निघालं. सिडनीच्या नव्या वसाहतीत हा माल चढ्या भावानं खपेल, असा तिथल्या व्यापारी पेढीचा हिशेब होता. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते. त्यांना लास्कर म्हणत. वाटेत जहाजाला गळती लागली. थंडीत आणि वादळात रात्रंदिवस पाणी उपसताना काही खलाशी दगावले. अखेर 9 फेब्रुवारी 1797 रोजी टास्मानियाच्या उत्तरेकडील एका छोट्या बेटाजवळ कप्तानानं जहाज मुद्दाम उथळ पाण्यात रुतवलं.

मदत आणण्यासाठी सतरा जण एका होडीतून निघाले. त्यांत पाच युरोपीय आणि बारा लास्कर. ही होडीही ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर फुटली. मग त्यांनी किनाऱ्या-किनाऱ्यानं सिडनीची वाट धरली. सहाशे किलोमीटरांहून अधिक अंतर, अनोळखी मुलूख आणि पुढं येणारी थंडी. वाटेत अनेक ठिकाणी तिथल्या मूळ रहिवाशांनी त्यांना मासे दिले, नद्या ओलांडायला मदत केली. काही ठिकाणी संघर्षही झाला. मे महिन्यात सिडनीजवळ पोहोचले ते फक्त तिघे. त्यांतला एक भारतीय होता.

त्या तिघांमुळे बेटावर अडकलेल्या माणसांची सुटका झाली. पण गोष्ट तिथं संपत नाही. मालाच्या आणि माणसांच्या शोधात त्या बेटांकडे खेपा सुरू झाल्या. 1798 मध्ये अशाच एका खेपेला मॅथ्यू फ्लिंडर्स हा तरुण नौदल अधिकारी गेला. तिथल्या खडकांवर त्याला सीलचे थवेच्या थवे दिसले. ही बातमी सिडनीला पोहोचली आणि त्याच वर्षी ‘नॉटिलस’ हे जहाज खास सीलच्या शिकारीसाठी तिकडे रवाना झालं. बुडालेल्या जहाजाच्या वाटेनं मदत गेली आणि मदतीच्या मागोमाग कत्तल गेली.

या सीलच्या अंगावर दुहेरी लोकर असते. वरचे केस राठ आणि आत मऊ, दाट थर. त्या आतल्या थराला चीनच्या कँटनपासून लंडनपर्यंत गिऱ्हाईक होतं. जमिनीवर हा प्राणी जड आणि मंद. शिकाऱ्याला बंदूक लागत नसे, सोटा पुरे. पिलांच्या आया मारल्या की पिलं आपोआप उपाशी मरत. म्हणजे एका कातड्यापायी दोन जीव. या शिकाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांच्या स्त्रियाही पळवून नेल्या. सील कसा टिपायचा हे त्या स्त्रियांना उत्तम ठाऊक होतं, म्हणून त्यांना बेटांवर राबवलं गेलं. पोर्ट फिलिपच्या तोंडाशी राहणाऱ्या बूनवुरुंग लोकांच्या स्त्रियाही यातून सुटल्या नाहीत. 1830 च्या सुमाराला धंदा जवळजवळ बसला. शिकाऱ्यांना दया आली असं नव्हे, मारायला सील उरले नाहीत, इतकंच.

1835 मध्ये मेलबर्न वसलं. 1851 मध्ये व्हिक्टोरियात सोनं सापडलं आणि पोर्ट फिलिपमध्ये जहाजांची रीघ लागली. मग खुणांची, दिव्यांची गरज वाढली. 1874 मध्ये साउथ चॅनेलवर खांबांवरचं लाकडी दीपगृह पेटलं. रशियन आरमार हल्ला करील या धास्तीनं त्याच पाण्यात दगड ओतून एक कृत्रिम बेट तयार केलं आणि 1888 मध्ये त्यावर किल्ला पुरा झाला. रशियन कधी आलेच नाहीत. आज त्या किल्ल्यावर वादळपाखरं बिळं करून अंडी घालतात. माणसानं समुद्रात स्वतःसाठी जे उभारलं, त्याचा ताबा असा हळूहळू दुसऱ्यांकडे गेला.

आपल्या माचीचंही तसंच झालं. सील मासे मारायला दूरवर जातो, पण त्याला पाण्याबाहेर येऊन अंग टेकावं लागतं. विश्रांती हवी, ऊन हवं आणि शार्कपासून आडोसाही हवा. पोर्ट फिलिपच्या त्या भागात असा खडक कुठं? सगळी वाळू आणि पाणी. जहाजांसाठी रोवलेली माची त्यांना खडकासारखीच वाटली. इथं दिसतात ते बहुतेक नर. नोव्हेंबर-डिसेंबरात फिलिप आयलंडजवळच्या सील रॉक्ससारख्या ठिकाणी वीण होते, तेव्हा तीनशे किलोंचे दांडगे नर जागा अडवून बसतात. ज्यांचं अजून वय झालेलं नाही किंवा ज्यांचं वय सरलं आहे, त्यांना तिथं थारा नसतो. असे बिनबिऱ्हाडाचे नर या माचीवर मुक्काम करतात.

दरम्यान, माणसाचाही कायदा बदलला. व्हिक्टोरियाच्या 1975 च्या वन्यजीव कायद्यानं या प्राण्यांना संरक्षण दिलं. त्यांना छेडणं आता गुन्हा ठरतो. पुढं जुनी माची जीर्ण झाली. वाट दाखवायला एक साधा खांब आणि दिवा पुरला असता, तोही स्वस्तात. पण तिच्या जागी पुन्हा माचीच उभी राहिली, सीलना चढता येईल आणि पसरता येईल अशी. 2008-09 मध्ये मोठ्या जहाजांसाठी हे जलमार्ग खोल करण्यात आले. आज हजारो कंटेनर लादलेली जहाजं तिच्या जवळून जातात आणि माचीवरचा एखादा सील मान वर करून पाहतो, पुन्हा झोपी जातो.

ज्या प्राण्याला दोनशे वर्षांपूर्वी झोपेतच सोट्यानं मारलं जाई, तो आज माणसानं बांधलेल्या माचीवर, माणसाच्या बोटी भोवती फिरत असताना निर्धास्त झोपतो. हा विश्वास त्याला एका दिवसात आलेला नाही, आणि माणसालाही ही समज एका दिवसात आलेली नाही. मधल्या काळात किती जीव गेले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणी तो आल्बम दाखवला, तर पान उलटण्याआधी त्या फोटोकडे नीट पाहा. आणि कलकत्त्याहून निघालेल्या, कधीच घरी न परतलेल्या त्या खलाशांचीही आठवण करा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)