न उडालेले पिस्तूल आणि पानिपतची गोळी

चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात १६८० साली उपासनेसाठी खुले झालेले सेंट मेरीचे चर्च आजही उभे आहे. १७५३ साली रॉबर्ट क्लाइव्हचा विवाह याच चर्चमध्ये झाला. त्याच्या नऊ वर्षे आधी, १७४४ साली, अठरा वर्षांचा हा तरुण कंपनीचा साधा कारकून म्हणून मद्रासला उतरला होता. एकटेपणाने आणि उद्वेगाने ग्रासलेल्या त्या दिवसांत त्याने स्वतःच्या मस्तकाला पिस्तूल लावून दोनदा चाप ओढला, पण दोन्ही वेळा ते उडाले नाही, अशी एक आख्यायिका आहे. तिचा पुरावा मागणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. तरीही ती अडीचशे वर्षे टिकून राहिली, कारण ती ऐकणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न उरतो : ते पिस्तूल उडाले असते तर?

मराठी मनाला या प्रश्नाची ओळख दुसऱ्या एका गोळीने करून दिली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर विश्वासरावांना गोळी लागली आणि तोवर झुंजणारे सैन्य विस्कळीत झाले. मद्रासची गोळी सुटली नाही, पानिपतची चुकली नाही. एका राष्ट्राचे भाग्य अशा बोटभर अंतरावर लटकलेले असते का, ही शंका म्हणजेच पर्यायी इतिहासाच्या कथेचे बीज होय.

हे बीज फार जुने आहे. सिकंदर पश्चिमेकडे वळून रोमवर चालून आला असता तर काय झाले असते, याची चर्चा रोमन इतिहासकार लिव्ही याने आपल्या ग्रंथात केली आहे. मराठीत या प्रकाराला प्रतिष्ठा दिली ती जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेने. तिच्यातील इतिहासाचे प्राध्यापक एका वेगळ्याच मुंबईत जाऊन पोहोचतात. त्या जगात गोळी विश्वासरावांना चाटून गेलेली आहे, मराठे विजयी झाले आहेत आणि कंपनीचा अंमल मुंबई, कलकत्ता व मद्रास यांच्या आसपासच्या टापूंपुरता उरला आहे.

अशा कथेची ओढ केवळ पराभवाच्या दुःखावर फुंकर घालण्यातून येत नाही. घडून गेलेली गोष्ट कालांतराने अटळ वाटू लागते. पूर्वजांनी जे निर्णय घेतले ते जणू आधीच लिहून ठेवलेले होते, असा भास होतो. पर्यायी इतिहास हा भास मोडतो. ज्या सकाळी सैन्य रणात उतरले त्या सकाळी त्याला संध्याकाळ ठाऊक नव्हती, हे तो पुन्हा जाणवून देतो. भूतकाळातील माणसांना त्यांचे स्वातंत्र्य, आणि म्हणून त्यांची जबाबदारीही, परत मिळते.

पण इथेच एक मोह दबा धरून बसलेला असतो. सारा दोष एका गोळीवर टाकला की आत्मपरीक्षण टळते. या मोहावरचा उतारा मद्रासच्याच इतिहासात सापडतो. सप्टेंबर १७४६ मध्ये फ्रेंचांनी हे शहर जिंकले. कैदेत सापडलेला क्लाइव्ह वेषांतर करून कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात निसटला. १७४८ च्या एक्स-ला-शापेलच्या तहात परस्परांनी जिंकलेले प्रदेश परत करण्याचे ठरले. उत्तर अमेरिकेतील लुईबर्ग फ्रान्सला मिळाले आणि १७४९ साली मद्रास इंग्रजांच्या हाती आले. ज्या शहराचा सौदा दोन समुद्रांपलीकडे होत होता, त्याचे भवितव्य एका पिस्तुलावर कितीसे अवलंबून असणार? आरमार, पतपेढ्या आणि कवायती पायदळ यांची ताकद क्लाइव्हच्या मागे होती. तो नसता तर तिने दुसरा कोणी शोधला असता, ही शक्यता नाकारता येत नाही.

१७५१ साली अर्काटच्या किल्ल्यात क्लाइव्हला सुमारे पन्नास दिवस वेढा पडला. त्याच्या मदतीला येऊ लागले ते गुत्तीचे मुरारराव घोरपडे. मराठी फौज येत आहे या वार्तेने वेढा घालणाऱ्यांनी घाईने निकराचा हल्ला केला, तो फसला आणि वेढा उठला. हेच मुरारराव पुढे काही काळ फ्रेंचांच्या बाजूला गेले. पानिपतच्या दहा वर्षे आधी दक्षिणेत एक मोठे 'जर' मराठ्यांच्या हातात होते. पण कोणाला सोबत द्यावी हे ठरवताना त्यापलीकडचा धोका कोणाला दिसला नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला तंजावरचे सरफोजी राजे उभे आहेत. १७९३ नंतर काही वर्षे त्यांचे शिक्षण मद्रासमध्ये जर्मन मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली झाले. १७९८ मध्ये ते गादीवर आले. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, छापखाना काढला आणि १८०६ साली तिथे इसापनीतीचे मराठी रूप, 'बालबोध मुक्तावली', छापले. परंतु १७९९ च्या तहाने राज्यकारभार आधीच कंपनीकडे गेला होता. मुराररावांकडे तलवार होती, दृष्टी नव्हती. सरफोजींकडे दृष्टी होती, तलवार उरली नव्हती.

नारळीकरांच्या कथेतील विजयी मराठे नुसते विजयावर थांबत नाहीत. ते विज्ञान आणि तंत्रविद्या आपलीशी करतात. कथेचे खरे 'जर' तिथे आहे, गोळी हे केवळ निमित्त. मुरारराव आणि सरफोजी एकाच काळात, एकाच राज्यात असते तर, असा प्रश्न विचारणारी कथा कदाचित कमी रोमांचक ठरेल. पण ती वाचून मिटणाऱ्या वाचकाला हळहळ वाटून थांबता येणार नाही. आपल्या काळातल्या कोणत्या सकाळी आपण उभे आहोत, हे त्याला पाहावे लागेल.