स्लॉट लांब, पण वेग किती? खोडदच्या दुर्बिणीपासून घरच्या डेस्कटॉपपर्यंत

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेना प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. अँटेना फक्त संकेत टिपतात, ते एकत्र करण्याचे काम संगणक करतात. २०१० च्या सुमारास इथे बाजारात मिळणारी कार्डे आणि लिनक्स संगणक जोडून ३२ मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी यंत्रणा उभारली गेली. पुढे दुर्बीण अद्ययावत झाली आणि हा पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढला.

डेटा किती?

२०० मेगाहर्ट्झचा पट्टा घेतला, तरी प्रत्येक संकेताचे सेकंदाला ४० कोटी नमुने घ्यावे लागतात. एका नमुन्याला १ बाइट आणि प्रत्येक अँटेनाचे २ संकेत धरले, तर ३० अँटेनांचा डेटा सेकंदाला २४ जीबी होतो. म्हणूनच काम अनेक संगणकांत वाटले जाते. नेटवर्क कार्ड आणि जीपीयू बसतात ते मात्र मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये. घरच्या डेस्कटॉपमध्येही हेच स्लॉट असतात.

वेग कशावर ठरतो?

दोन गोष्टींवर: लेनची संख्या (एक्स-१, एक्स-४, एक्स-८, एक्स-१६) आणि पिढी. एका लेनचा एका दिशेचा सेकंदाचा वेग साधारण असा:

- दुसरी पिढी: ५०० एमबी
- तिसरी पिढी: ९८५ एमबी
- चौथी पिढी: सुमारे २ जीबी
- पाचवी पिढी: सुमारे ४ जीबी

१० गिगाबिटच्या नेटवर्क कार्डाला पूर्ण वेगासाठी सेकंदाला १,२५० एमबी लागतात. तिसऱ्या पिढीच्या एका लेनला ते झेपत नाही.

कोणते कार्ड कुठे चालते?

- नवे कार्ड जुन्या पिढीच्या स्लॉटमध्ये सहसा चालते, पण कमी असलेल्या पिढीच्या वेगाने.
- छोटे कार्ड मोठ्या स्लॉटमध्ये बसते. मोठे कार्ड बंद टोकाच्या छोट्या स्लॉटमध्ये बसत नाही.
- जुना पीसीआय आणि पीसीआय एक्सप्रेस हे वेगळे स्लॉट आहेत. एकाचे कार्ड दुसऱ्यात बसत नाही.

पैसे कुठे वाया जातात?

स्लॉटची लांबी पाहून खरेदी केली की फसगत होते. अनेक मदरबोर्डवर दुसरा लांब स्लॉट दिसायला एक्स-१६ असतो, पण आत ४ लेनच जोडलेल्या असतात. काही बोर्डांवर एम.२ एसएसडी लावली की शेजारचा स्लॉट बंद पडतो किंवा त्याच्या लेन कमी होतात.

कार्डाच्या बाबतीतही हेच. रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे चौथ्या पिढीचे कार्ड फक्त ४ लेन वापरते. तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर लावले की त्या जोडणीचा वेग निम्म्यावर येतो आणि काही गेममध्ये फरक जाणवतो. सेकंडहँड संगणकात असे कार्ड टाकण्याआधी हे नक्की पाहावे.

खरेदीपूर्वी

मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये स्लॉटची पिढी, जोडलेल्या लेन आणि एम.२ची अट वाचा. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. मोठ्या ग्राफिक्स कार्डाला पॉवर सप्लायमधून वेगळी केबल लागते. कार्ड बसवल्यावर जीपीयू-झेडमध्ये प्रत्यक्ष वेग तपासा. संगणक रिकामा असताना वीज वाचवण्यासाठी आकडा कमी दिसू शकतो, म्हणून गेम किंवा चाचणी चालू ठेवून पाहा.