शेवटची पाटी

लेकीकडे अमेरिकेत गेले की नातवाबरोबर पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर मुलांचे कार्यक्रम बघायचे. कार्यक्रम संपला की पैसे देणाऱ्यांच्या पाट्या येत. त्यात एक 'कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग'ची, आणि मग 'तुमच्यासारख्या प्रेक्षकांचे' आभार. नातू तोवर पळालेला असे. मी मात्र वाचत बसे. शिक्षिकेची खोड, दुसरं काय!

ही संस्था १९६७ च्या कायद्यातून जन्मली. सरकारी पैसा केंद्रांपर्यंत पोचवायचा, पण स्वतः कार्यक्रम करायचे नाहीत, केंद्र चालवायचं नाही, असं बंधन त्या कायद्यातच होतं. त्यामुळे पडद्यावर तिची ओळख म्हणजे ती क्षणभराची पाटी!

लोकांच्या लक्षात राहिला तो पीबीएसचा चेहरा. १९७१ मध्ये हर्ब लुबालिन यांनी 'पी' अक्षरातून माणूस काढला, डावीकडे बघणारा. १९८४ मध्ये चेर्मायेफ अँड गाइझमार या संस्थेने तो उजवीकडे वळवला आणि एकाचे अनेक चेहरे केले. समाजाचा पैसा, समाजाचा चेहरा... मला ते फार आवडलं होतं.

२०२५ मध्ये अमेरिकी संसदेने मंजूर केलेले सुमारे ११० कोटी डॉलर परत घेतले आणि ऑगस्टमध्ये संस्थेने कामकाज आवरत असल्याचं जाहीर केलं. आपल्या देवळांत फरशीवर देणगीदारांची नावं कोरलेली असतात ना, तशीच ती पाटी. सगळे वरून चालत जातात.

परवा फोनवर नातवाला विचारलं, "ती पाटी आठवते का रे?"

"कुठली पाटी, आजी?"