बहुत काय लिहिणे!

‘बहुत काय लिहिणे!’ हे शब्द आता आपण थट्टेतच वापरतो. पण मराठेशाहीच्या दफ्तरात ते पत्राच्या दारावरचे पहारेकरी होते.

शाळेत व्यावसायिक पत्र शिकवताना मुले मला हटकून विचारतात, “गुरुजी, मजकूर बरोबर असला म्हणजे झाले ना? पत्ता, तारीख, विषय यांचा एवढा बडिवार कशाला?” प्रश्न वावगा नाही. त्याचे उत्तर मात्र जुन्या कागदांत शोधावे लागते.

पत्राच्या माथ्यावर ‘श्री’, त्याखाली मायना. नुसते ‘राजश्री’ कोणाला आणि ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य’ कोणाला, हे चिटणिसाला मुखोद्गत असे. मायना चुकला, तर मजकुराआधी अपमानच पोचायचा! शिवछत्रपतींनी करवून घेतलेल्या राज्यव्यवहारकोशात दहा वर्ग आहेत. त्यांतला एक लेखनाचाच आहे. राज्य करायचे, तर लिहिण्याची रीतही हवी, हे त्या जाणत्या राजाने ओळखले होते.

तारखेचे म्हणाल, तर पुष्कळ पत्रांत ‘छ’ घालून नुसता चंद्र आणि महिना असतो. सालाचा पत्ता नाही. लिहिणाऱ्याला व वाचणाऱ्याला साल ठाऊकच होते. पण अशी पत्रे कालक्रमाने लावताना पुढे संशोधकांच्या डोळ्यांचे पाणी झाले.

आणि शेवट? महाराजांच्या पत्रांत अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटे. येथे लेखनाची सीमा झाली. यापुढे कोणी अक्षर घुसडले, तर ते आमचे नव्हे! पेशवाईत याच कामी ‘लेखनसीमा’ आली.

तरीही एक फट उरलीच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले, ‘ध’चा ‘मा’ केला, असे लोक सांगत आले. ही आख्यायिका, तिला पुराव्याचे मोल देऊ नये. पण दोनशे पन्नास वर्षे ती लोकांच्या तोंडी टिकली, ती का? कागदाच्या शेवटी मोर्तब पहारा देते. मधल्या अक्षरावर पहारा कोणाचा, ही धास्ती प्रत्येकाच्या मनात आहे म्हणून.

त्या धास्तीवर आपण एक साधा तोडगा काढला आहे. महत्त्वाच्या कागदात खाडाखोड झाली, की शेजारी सही मागतात. पुष्कळांना तो कारकुनी काच वाटतो. मला मात्र त्या चिमुकल्या सहीत जुनी मर्यादामुद्राच दिसते. फरक इतकाच, की आता ती मधल्या अक्षरापाशीही उभी आहे.