एकच इथिलीन, तीन प्लॅस्टिके

नगरजवळच्या केडगावसारख्या गावात पॉलिथिन तीन रूपांत हटकून भेटते: दुधाची मऊ पिशवी, तेलाचा टणक पांढरा कॅन आणि ठिबक सिंचनाची काळी नळी. पाठ्यपुस्तकात मात्र तिन्हींसाठी एकच समीकरण असते. इथिलीनचे असंख्य रेणू जोडले की पॉलिथिन तयार होते. समीकरण बरोबर आहे, पण रेणू कसे जोडले गेले ते त्यात दिसत नाही. ते दिसते या प्लॅस्टिकच्या इतिहासात.

पहिली पद्धत दाबाची. मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत गिब्सन आणि फॉसेट यांनी इथिलीन व बेंझाल्डिहाइड प्रचंड दाबाखाली तापवले. भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला; पण प्रयोग पुन्हा जमेना, कधी स्फोटही होई. डिसेंबर १९३५ मध्ये पेरिन यांच्या उपकरणाला गळती लागली. दाब राखण्यासाठी नव्याने भरलेल्या इथिलीनमधील किंचित ऑक्सिजनने क्रिया सुरू करून दिली! १९३९ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि युद्धात रडारच्या तारांना त्याचे वेष्टण मिळाले.

या पद्धतीत दाब हवेच्या दाबाच्या एक ते तीन हजार पट असतो. साखळ्यांना वेड्यावाकड्या फांद्या फुटतात. बाभळीच्या फांद्यांची मोळी जशी घट्ट बांधता येत नाही, तशा या साखळ्या सैल राहतात. म्हणून हे पॉलिथिन मऊ आणि कमी घनतेचे. भारतात १९५९ मध्ये बंगालमधील रिश्रा येथे ते तयार होऊ लागले, तेही अल्कोहोलपासून मिळवलेल्या इथिलीनमधून. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्याला मळीपासून अल्कोहोल ही वाट अनोळखी नाही.

दुसरी पद्धत उत्प्रेरकाची. जर्मनीत कार्ल झीग्लर यांच्या प्रयोगशाळेत साखळी वाढण्याऐवजी अचानक तुटली. कारण निघाले भांड्यातील निकेलचा अंश. मग त्यांनी इतर धातू तपासले आणि १९५३ मध्ये टायटॅनियम व अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगांनी साध्या दाबालाच इथिलीन जोडले गेले. या साखळ्या जवळजवळ सरळ असतात. उसाच्या मोळीप्रमाणे त्या दाटीने बसतात, म्हणून कॅन टणक होतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ठाणे परिसरात हे पॉलिथिन बनू लागले.

तिसऱ्या पद्धतीत उत्प्रेरक वापरून इथिलीनमध्ये थोडे ब्युटीन मिसळतात. त्यामुळे सरळ साखळीला हव्या तेवढ्याच आखूड फांद्या येतात. १९७७ मध्ये युनियन कार्बाइडने हे काम सुमारे वीसपट दाबावर, वायुअवस्थेत करून दाखवले. रायगड जिल्ह्यातील नागोठण्यातही असे पॉलिथिन तयार होते. लवचिक तरीही चिवट, म्हणून ते ठिबकच्या नळीला योग्य. दुधाच्या पिशवीतही ते मिसळतात.

हजारो पटींचा दाब विसांवर आला, तो यंत्रे बळकट झाल्याने नव्हे, तर साखळी कशी वाढते हे कळल्याने. हा फरक भंगारातही महत्त्वाचा आहे. ही प्लॅस्टिके सरमिसळ करून वितळवली, तर वस्तू कमी प्रतीची होते.

वर्गात हे दाखवता येईल. पिशवीचा आणि कॅनचा स्वच्छ तुकडा पाण्यात टाकावा, दोन्ही तरंगतील. बुडबुडे पुसून, ढवळत थोडेथोडे स्पिरिट घालावे (ज्योत दूर ठेवावी). कॅनचा तुकडा आधी बुडेल. समीकरण एकच असताना असे का, हा प्रश्न मग विद्यार्थ्यांनाच विचारावा, असे आम्ही सुचवतो.