धुण्याची वर्गवारी : मुंबईच्या उपनगरांतील एक घरगुती रीत

‘धुणे’ हा शब्द मराठीत क्रियेचा वाचक आहे, तसाच धुवावयाच्या कपड्यांच्या ढिगाचाही. हा ढीग पाण्यात पडण्यापूर्वी त्याचे भाग पाडावे लागतात. कोणते कापड कशाबरोबर भिजवावयाचे, कोणते आधी धुवावयाचे, कोणते कोणाच्या हाती द्यावयाचे, हे घरातील स्त्री रोज ठरवीत आलेली आहे. ही निवड वरवर पाहता केवळ व्यवहाराची वाटते. परंतु अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड या भागांतील मराठी घरांचा गेल्या शंभर वर्षांचा क्रम पाहिला, तर निवडीची कसोटीच एकाहून अधिक वेळा बदललेली आढळते. आणि या बदलांमागे स्वच्छतेच्या कल्पनेपेक्षा पाण्याच्या सोयीचा हात मोठा होता, असे दिसते.

चर्चगेट ते बोरिवली हा लोहमार्ग १९२८ च्या जानेवारीत विजेवर चालू लागला. शहरात नोकरी आणि साष्टीत बिऱ्हाड ही व्यवस्था त्यानंतर पांढरपेशा कुटुंबांच्या अधिक आवाक्यात आली. त्यांपैकी ब्राह्मण व तत्सम आचाराच्या घरांनी आपल्याबरोबर सोवळ्याओवळ्याची चौकट आणली. या चौकटीत कपड्यांचे वर्ग मळावरून पडत नसत, स्पर्शावरून पडत. एखादे लुगडे दिसावयास स्वच्छ असले तरी ते नेसून झोप झाली की ते पारोसे होई. उलट, विटका पंचा सोवळ्यात पिळून वाळविला की तो शुद्ध. सोवळ्याची वस्त्रे छताजवळच्या दांडीवर काठीने टाकीत, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचा हात लागू नये. शेजारच्या ख्रिस्ती गावठाणांत अथवा कोळीवाड्यांत ही दांडी या अर्थाने नव्हती. तेव्हा ‘मराठी घराची रीत’ असे सरसकट विधान येथे करता येत नाही.

या आचाराला शास्त्राधार सांगितला जाई, पण स्मृतींतील द्रव्यशुद्धीचे प्रकरण काही निराळेच सांगते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात रेशीम व लोकर यांना खारी माती, कांबळ्यांना रिठा, तलम वल्कलवस्त्रांना बेलफळ आणि क्षौमाला पांढरी मोहरी अशी शोधनद्रव्ये नेमून दिलेली आहेत. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात शुद्धीच्या या सर्व विषयाचा परामर्श आहे. येथे वर्गवारी तंतूवरून केलेली आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. रेशीम व लोकर हे प्राणिज तंतू तीव्र खाराने खराब होतात. त्यामुळे खाऱ्या मातीची शिफारस आजच्या रसायनज्ञास पटणार नाही, रिठ्याची मात्र पटेल. स्मृतिकारांनी निदान कापड हाती घेऊन पाहिले होते. पुढच्या काळातील सोवळ्याने कापडापेक्षा माणसाकडेच अधिक पाहिले.

परिटाच्या बाबतीत ही विसंगती फार ठळक दिसते. गावगाड्यात परीट हा बलुतेदार. त्याची भट्टी म्हणजे धुलाईचे पूर्ण शास्त्र होते : कपडे सज्जीखाराच्या पाण्यात मुरवावयाचे, उकळत्या भांड्यावर वाफवावयाचे, दगडावर आपटून खळबळावयाचे, मग नीळ, खळ आणि इस्त्री. घरी एवढी शुभ्रता कधीच साधत नसे. तरीही परीटघडीचे धोतर कचेरीला चाले, देवपूजेला चालत नसे. ते घरी पुन्हा पाण्यातून काढावे लागे. याच परिटाकडे सुतकातील आणि बाळंतिणीच्या खोलीतील कपडे मात्र निःशंकपणे जात. सर्वांचा विटाळ ज्याने धुवावयाचा, त्याचाच हात विटाळाचा मानावयाचा, हा हिशेब समाजाने शतकानुशतके चालविला. परिटाला स्वतःचा हिशेब ठेवावयाचा असे तो कपड्यांच्या मालकीचा. त्यासाठी कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसाची न जाणारी खूण करीत. हा रस कातडीला बाधतो. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना अशा खुणांमुळे झालेल्या त्वचारोगाची नोंद १९४३ मध्ये तेथील वैद्यकीय नियतकालिकात झाली. ज्या बोटांनी त्या खुणा रोज केल्या, त्यांची नोंद घेण्याचे त्या लेखाला प्रयोजन नव्हते.

आता पाण्याकडे वळले पाहिजे. विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी १८७९ मध्ये पुरा झाला. दोन्ही साष्टीत, परंतु दोन्ही मुंबई शहराच्या गरजेसाठी. १८९२ मध्ये तानसाचे पाणी आले, त्याचे नळ मुलुंड-घाटकोपरच्या अंगावरूनच शहरात गेले. ज्या भूमीत तलाव होते आणि जिच्यावरून नळ जात होते, तेथील गावे पुढेही दीर्घकाळ मुख्यतः विहिरींवर विसंबून राहिली. विहिरीच्या काठी धुणे मोकळेपणाने करता येई, आणि सोवळ्याच्या दृष्टीने वाहत्या किंवा स्वतः काढलेल्या पाण्याचे महत्त्व होतेच. पण खाडीलगतच्या विहिरींचे पाणी मचूळ. अशा जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही. पाण्यातील चुना व मॅग्नेशियम साबणाशी मिळून त्याची चिकट साय कापडावर बसते. रिठ्याच्या फेसाला हा दोष फारसा बाधत नाही. रेशमी वस्त्रांसाठी रिठा राखून ठेवण्याच्या रीतीत धर्माइतकाच हा अनुभव असावा.

अंधेरी व घाटकोपर १९५० मध्ये आणि बोरिवली व मुलुंड १९५७ मध्ये बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. त्याच वर्षी वैतरणेवरील मोडकसागराची योजनाही पुरी झाली. सहकारी सोसायट्यांच्या इमारती उठल्या, विहिरी मागे पडल्या आणि धुणे मोरीत आले. मोरीत नळ होता, पण तो ठराविक वेळेपुरता. येथे वर्गवारीची कसोटी पालटली : आधी काय धुवावयाचे हे शुद्धतेने नव्हे, तर नळाच्या घटकेने ठरू लागले. पाणी आहे तोवर पांढरे व रोजचे कपडे. चादरी-पडदे सुटीच्या दिवशी. रंग जाणारे सर्वांत शेवटी, उरल्या पाण्यात. चार हात लांबीच्या मोरीत सोवळ्याची बादली निराळी ठेवावयास जागाच नसे. सुधारकांच्या व्याख्यानांनी जे सावकाश होत होते, ते मोरीच्या मापाने लवकर झाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

साबणाच्या इतिहासाची या बदलाला साथ मिळाली. गोदरेजांचा चरबीविरहित साबण १९१८ पासून मिळू लागल्याने सोवळ्याच्या घरांची एक मोठी अडचण दूर झाली होती. लीव्हर कंपनीचा शिवडीचा कारखाना १९३४ मध्ये चालू झाला. १९५९ मध्ये सर्फ आणि १९६९ मध्ये निरमा आल्यावर जड पाण्याचा प्रश्न बराचसा सुटला, कारण या चूर्णांची तशी साय बनत नाही. हिंदुस्थान लीव्हरचे संशोधन केंद्र १९६७ पासून अंधेरीतच होते. धुणे कसे करावे हे ठरविण्याचा अधिकार सासूकडून जाहिरातीकडे जाऊ लागला तो याच काळात.

एक वर्ग मात्र प्रत्येक बदलात जवळजवळ तसाच राहिला. मासिक पाळीची कापडे सर्वांच्या नंतर, दुसऱ्यांच्या नजरेआड धुवावयाची आणि दुसऱ्या वस्त्राखाली लपवून, सावलीत वाळवावयाची, असा दंडक होता. ऊन हे त्या कापडाचे सर्वांत स्वस्त जंतुनाशक. नेमके तेच नाकारले गेले. सोवळे सुटलेल्या घरांतही ही लपवणूक सुटली नाही. धुणेभांडी करणाऱ्या बाईकडे कोणते कपडे टाकावयाचे नाहीत याचा संकेतही याच रेषेवर उभा राहिला. परिटाच्या काळात असली बोचकी बिनदिक्कत बाहेर जात. बाईच्या काळात ती घरच्या स्त्रीकडे परत आली. बाईला ‘नाही’ म्हणण्याची थोडी शक्ती होती, ती बलुतेदाराला नव्हती, हे त्याचे एक कारण दिसते.

धुलाईयंत्रे १९८० च्या दशकाच्या अखेरीस उपनगरी घरांत दिसू लागली. बादलीने पाणी भरता येईल असे दोन टाक्यांचे यंत्र अनेकांनी पसंत केले. नळाची घटका यंत्रालाही चुकली नाही. कपड्याच्या शिवणीत आता छोटी चिठ्ठी असते. तिच्यावरील खुणांची पद्धत १९६३ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या संस्थेने रूढ केली. ती चिठ्ठी सांगते की हे लोकर आहे, थंड पाण्यात धुवावे. हे सुती आहे, गरम चालेल. म्हणजे वर्गवारी पुन्हा तंतूवर आली आहे. जुन्या इमारतींतील छताजवळच्या दांड्या बहुतेक उतरविल्या गेल्या. जेथे त्या उरल्या, तेथे पावसाळ्यात त्यांवर मुलांचे गणवेश वाळत असतात, आणि ते टाकावयास काठी अजून लागते.