ओरिनोकोकाठचा पाद्री

भाषाकुळांचा धडा आला की वर्गात हमखास विल्यम जोन्स यायचा. १७८६, कलकत्ता, संस्कृत-ग्रीक-लॅटिन. मीही वर्षानुवर्षं तेच शिकवलं. फिलिप्पो साल्वातोरे जिलीचं नाव मात्र क्रमिक पुस्तकात कधी आलं नाही.

हा इटालियन जेझुइट पाद्री आजच्या व्हेनेझुएलात, ओरिनोकोकाठच्या एन्कारामादाला, तामानाको लोकांत १८ वर्षं राहिला. १७६७ साली स्पेनच्या राजाने जेझुइटांना हाकललं आणि हा रोमला परतला. तिथे त्याने चार खंड लिहिले. भाषांवरचा तिसरा १७८२ सालचा, म्हणजे जोन्सच्या व्याख्यानाआधीचा.

बरं, जोन्सने साम्य दाखवलं, जिलीने त्यातला नियम पकडला. कॅरिब लोकांच्या बोलीत जिथे ‘स’ येतो तिथे तामानाको नेमाने ‘च’ म्हणतात. वाडगा एकांचा ‘सारेरा’, दुसऱ्यांचा ‘चारेरा’. शेजारचे पारेका त्याच जागी मऊ ‘श’ काढत. असं ताडून पाहत त्याने या बोली एका कुळात बसवल्या. (भारतीय भाषांची ग्रीक-लॅटिनशी जवळीक गोव्याहून पत्रात कळवणारे, ‘ख्रिस्तपुराण’वाले फादर स्टीफन्सही जेझुइटच. ते साल १५८३!) पुढे १८८४ साली जर्मन संशोधक कार्ल फोन डेन श्टायनेनला पार दक्षिणेला, ब्राझीलमधल्या शिंगू नदीच्या खोऱ्यात याच कॅरिब कुळाची बाकाइरी भाषा भेटली.

जिलीने तामानाकोंच्या कथाही टिपल्या. १८०० साली त्या भागात गेलेल्या जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टनेही त्या नोंदवल्या. आमालिवाका हा त्यांचा आदिपुरुष. ओरिनोको घडवताना त्याच्यात आणि त्याच्या भावात बराच खल झाला: जाताना आणि येताना, दोन्ही वेळा नाव प्रवाहाबरोबरच जावी, अशी नदी करता येईल का? नाही जमलं. वल्ही मारून हात भरून आलेल्या माणसालाच असलं सुचणार! याच आमालिवाकाच्या मुलींना भटकायची भारी हौस, म्हणून त्याने त्यांचे पाय मोडले. का, तर त्यांनी तामानाकोंच्याच मुलखात राहून वंश वाढवावा. इथे माझं या गृहस्थाशी बिनसलं.

तामानाको भाषा आज कोणी बोलत नाही. जिलीने त्याच कुळात धरलेले मापोयो अजून ओरिनोकोकाठी आहेत. त्यांची भाषा येणारी म्हातारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. २०१४ साली युनेस्कोने त्यांची मौखिक परंपरा तातडीने जपायच्या यादीत घातली.